कोळशाने अडवलेली वाफ

मी केमिस्ट्रीची. इथले गूढ अनुभव मी जेवताना वाचायचे आणि मनातल्या मनात प्रत्येकाची चूक काढायचे. माझीही काढा, हरकत नाही... फक्त आधी पूर्ण वाचा.

कोल्हारजवळच्या एका कॉलेजात मी पीएचडी करत होते. बाभळीचा सच्छिद्र कोळसा स्वतः तयार करायचा, बारीक नळीत भरायचा, ती नळी गॅस क्रोमॅटोग्राफ मशीनमध्ये बसवायची आणि तिच्यातून ओळखीच्या द्रवांची वाफ सोडायची. कुठली वाफ किती वेळ अडकते, त्यावरून कोळशाचा पृष्ठभाग आम्लधर्मी की आम्लारीधर्मी ते कळतं. वाफ बाहेर पडली की स्क्रीनवरच्या सरळ रेषेला उंचवटा येतो — पीक.

माझे गाइड पहिल्या दिवसापासून माझ्यावर खार खाऊन होते. माझी जागा त्यांना ओळखीतल्या कुणाला तरी द्यायची होती. दोन वर्षांचं काम समोर ठेवलं, तर सगळ्या विभागादेखत म्हणाले, "हे आकडे घरी बसून काढलेस का?" उद्या मी स्वतः मोजतो, जुळलं नाही तर तुझं रजिस्ट्रेशन रद्द करायला पत्र देतो, असंही सुनावलं.

दुसऱ्या दिवशी अकराला सर सिरिंज घेऊन बसले. ईथरची वाफ सोडली. माझ्या मोजणीत चार मिनिटांत पीक यायचं. वीस मिनिटं झाली, रेषा सरळच. पुन्हा सोडलं, तेच. सर माझ्याकडे वळून हसले.

मी तीच सिरिंज, तीच बाटली घेतली. चार मिनिटांत पीक. सरांनी सोडलं — काही नाही. मग त्यांनी आमचे निवृत्तीला आलेले लॅब अटेंडंट गायकवाडमामा यांच्या हातात सिरिंज दिली. पीक आलं. गॅसची गळती तपासली, सिरिंज बदलली. सरांची रेषा काही उठेना.

मामा हळूच म्हणाले, "सर, त्यो कोळसा तुमचंच धरून बसलाय. सोडीत न्हाई."

सरांनी मामांना त्यांच्या वयाचाही विचार न करता झापलं. सातव्यांदा सोडूनही रेषा सरळच, तेव्हा त्यांनी खुर्ची मागे ढकलली. "पत्र आजच जाईल," म्हणाले आणि दाराकडे निघाले.

त्यांनी उंबऱ्याबाहेर पाय ठेवला आणि रेषा उठली. कुणीही काही सोडलेलं नव्हतं. एक पीक... मग दुसरं, तिसरं. मामा बोटांवर मोजत होते. सात. पुढे काही नाही. माझी आणि मामांची वाफ केव्हाच बाहेर पडून गेलेली. सर दारातून वळून बघत होते, चेहरा पांढराफटक. तसेच निघून गेले.

पत्र गेलं नाही. महिन्याभरात मला दुसऱ्या गाइड मिळाल्या. सर त्या खोलीत परत कधी आले नाहीत.

कोळशाने वाफ धरून ठेवली आणि नंतर सोडली, एवढं मीही समजू शकते. पण एकाच माणसाची? तीही सात वेगवेगळ्या पीकमध्ये, तो बाहेर पडताच? मशीन दुरुस्त करणाऱ्यापासून बाहेरच्या प्राध्यापकांपर्यंत सगळ्यांना विचारून झालं.

आणि खरं सांगते, सरांचा तो चेहरा पाहून मला भीती वाटली नाही. आनंद झाला... अजूनही होतो.