मागच्या बाजूचा ओरखडा

दात तयार झाला की माझ्याबरोबरचा कारागीर आधी डोळे मिटायचा. मग अंगठ्याचं नख दातावरून हळूच फिरवायचा आणि म्हणायचा, "डोळ्याला न्हाई कळत राव, नखाला कळतंय."

पन्नास सालानंतरची ती वर्षं. चिंचवडात एका दंतवैद्यांकडे आम्ही दोघं दात बनवायचो. मी मुंबईत दोन वर्षं शिकून आलेलो, प्रमाणपत्र भिंतीवर टांगलेलं. तो तळवड्याच्या शेतकऱ्याचा मुलगा, लढाईच्या दिवसांत फौजेच्या दवाखान्यात हे काम शिकलेला. तरी पुढचे दात, म्हणजे हसताना दिसणारे, डॉक्टर त्यालाच द्यायचे. माझ्याकडे दाढा आणि कवळ्या. तुमच्याही कामाच्या जागी असा एखादा असेलच, ज्याचं कौतुक कानावर पडलं की हातातला चहा कडू लागतो.

चिनी मातीचा दात भट्टीतून निघतो तेव्हा त्यावर काचेसारखी झिलई असते. बसवताना तो जरा उंच लागला तर दगडी चाकावर घासावा लागतो. झिलई जाते, ओरखडे राहतात. मी कापडानं पुसून मोकळा व्हायचो. तो बारीक चाकानं एकेक ओरखडा उतरवायचा आणि दात पुन्हा भट्टीत घालायचा.

"कशाला एवढा वेळ घालवतोस?"

"काच कापणारा काय करतो, भाऊ? एक रेघ मारतो. मग काच तिथंच तुटती."

मला ते पटायचं. म्हणूनच जास्त झोंबायचं.

शाळेतल्या एक बाई पायरीवरून पडल्या, समोरचा दात अर्धा तुटला. वर्गात पोरं त्यांच्या बोलण्याची नक्कल करायची. दातावर चढवायची चिनी मातीची टोपी त्यानंच बनवली. रंग असा जुळवला की मीही फसलो. बसवायच्या दिवशी मात्र तो भावाच्या लग्नाला गेला होता.

"उंच लागली तर मागून घासा, आणि भट्टीत घालायला विसरू नका," डॉक्टर मला म्हणाले आणि दुसऱ्या पेशंटकडे गेले.

टोपी मागून उंच लागली. मी जाड्या चाकानं घासली. भट्टी तापलेली होती. बाई खोळंबल्यात, असं मी स्वतःला सांगितलं आणि टोपी तशीच बसवून दिली. खरं सांगतो, तेव्हा मनात काय होतं ते मला पक्कं ठाऊक होतं.

तीन आठवड्यांनी बाई टोपीचे दोन तुकडे रुमालात घेऊन आल्या. पेरू खाताना तुटली होती.

"तुझं काम असं?" डॉक्टर बाईंसमोरच त्याच्यावर ओरडले.

तो तुकडे घेऊन खिडकीशी गेला आणि भिंग लावून बराच वेळ पाहत राहिला.

"तुम्ही घासलं व्हतं, भाऊ?" त्यानं नंतर मला विचारलं.

"हो."

"भट्टीत घातलं व्हतं?"

"घातलं होतं."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग तुकडे कागदात बांधत म्हणाला, "मग माझीच माती कच्ची ऱ्हायली आसंल."

पुढच्या आठवड्यात समोरच्या दातांची दोन कामं डॉक्टरांनी माझ्या टेबलावर ठेवली. त्यानं बाईंची टोपी नव्यानं केली, हत्यारं पुसून जागेवर लावली आणि पिंपरीच्या एका नव्या कारखान्यात नोकरी धरली. जाताना मला म्हणाला, "येतो भाऊ." बस, एवढंच.

ती टोपी बसवायला बाई आल्या तेव्हा मी चाक, भट्टी, सगळं तयार ठेवलं होतं. या वेळी मी काहीच चुकवणार नव्हतो. टोपी चढवली, बाईंना दातावर दात टेकवायला सांगितलं. कुठंही उंच नव्हती. घासायला त्यानं मला काही ठेवलंच नव्हतं.

बाईंनी आरशात पाहिलं आणि मोकळेपणानं हसल्या. ते हसूही त्याच्याच वाट्याचं होतं, आणि तेवढ्यातही माझ्या पोटात दुखलं.

"ते कुठं आहेत? त्यांना दाखवायचं होतं."

"ते आता इथं नसतात," मी म्हणालो.

"का हो?"

डॉक्टर शेजारच्याच खोलीत होते, दार उघडं होतं. मी पाण्याचा पेला बाईंच्या हातात दिला आणि म्हणालो, "चूळ भरा."