उचललेला रोटाव्हेटर

सोसायटीच्या तळमजल्यावर, दोन पांढऱ्या मोटारींच्या मध्ये, संपत थोरवेचा ट्रॅक्टर उभा असायचा आणि त्याच्याखाली सकाळी ताटाएवढा तेलाचा डाग असायचा. ट्रॅक्टर लहान, उसाच्या दोन सऱ्यांमधून जाणारा, मोटारीच्या जागेत नीट मावणारा. डाग मात्र पट्टा ओलांडून शेजारी जायचा, आणि शेजारची जागा सोसायटीचे सेक्रेटरी माधव आपटे यांची होती.

आज पुण्याजवळच्या मांजरी गावात जिथे ही सोसायटी आहे तिथे पूर्वी संपतचाच ऊस होता. जमीन देताना त्याने बिल्डरकडून दोन फ्लॅट आणि त्यांच्या पार्किंगच्या जागा घेतल्या आणि ओढ्याकडेचा एक तुकडा स्वतःकडे ठेवला. तिथे तो अजून थोडा ऊस आणि भाजी करतो. ट्रॅक्टर शेतातच ठेवून पाहिला होता. आधी बॅटरी चोरीला गेली, मग डिझेल गेलं. गावात जागा देईल असं कोणी उरलं नव्हतं, कारण बांधावरून, पाटाच्या पाण्यावरून, गणपतीच्या मांडवावरून त्याने सगळ्यांशी भांडून ठेवलं होतं. पार्किंग सुटलं की ट्रॅक्टर विकायचा, आणि ट्रॅक्टर गेला की तुकडा. हे त्याला पुरतं ठाऊक होतं, आणि आपटे यांनाही.

पहिलं भांडण डागाचं नव्हतं, फरशीचं होतं. ट्रॅक्टरच्या मागे लावलेल्या, माती भुसभुशीत करणाऱ्या रोटाव्हेटरची पाती नव्या फरशीवर टेकायची आणि ओरखडे उठायचे. आपटे यांनी नियम करून घेतला की पार्किंगमध्ये रोटाव्हेटर जमिनीला लागता कामा नये. तेव्हापासून संपत गाडी लावली की ट्रॅक्टरच्या तेलाच्या दाबावर चालणाऱ्या लिफ्टचा दांडा ओढून रोटाव्हेटर वर उचलायचा, तसाच अधांतरी ठेवायचा आणि इंजिन बंद करायचा. मग लिफ्टचं तेल मोजायची पट्टी काढून बघायचा. तेल खुणेच्या खाली दिसायचं. गळती आहे म्हटल्यावर ते कमी होणारच, असं म्हणून तो डबा वाकडा करायचा आणि खुणेपर्यंत तेल ओतायचा.

सकाळी पुन्हा डाग.

गावातला मेकॅनिक सुखदेव हा संपतच्या वर्गातला. त्याने पार्किंगमध्ये येऊन वाकून पाहिलं. मागच्या होज पाइपच्या जोडाखाली थेंब लोंबत होता. त्याने पाइप बदलला. डाग पडला. त्याने जोडातली रबराची ओ-रिंग बदलली. डाग पडला. शेतात इंजिन चालू ठेवून, रोटाव्हेटर वरखाली करून पाहिला, तर सगळं कोरडं ठणठणीत.

“शेतात गळत नाय आन पार्किंगमदी गळतं, असं कसं रं?” संपत म्हणाला.

“मला काय विचारतो? ट्रॅक्टर तुजा हाय.”

त्याच संध्याकाळी चौकातल्या चहाच्या टपरीवर, दहा माणसांसमोर, संपतने जाहीर केलं की सुखदेव चोर आहे, जुने पार्ट पुसून नवे म्हणून बसवतो. सुखदेवने ग्लास खाली ठेवला आणि निघून गेला. त्यानंतर त्याच्या शेडचं दार संपतसाठी बंद झालं.

आपटे यांनी सोसायटीची सभा बोलावली. विषय एकच होता, ट्रॅक्टर पार्किंगमधून काढणे. क्लब हाउसमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या. संपत पहिल्या रांगेत बसला, आणि त्याची बायको सरुबाई मुद्दाम तिसऱ्या रांगेत.

“थोरवे, आपला डाग आता माझ्या गाडीखाली राहायला आलाय,” आपटे म्हणाले. “त्याच्याकडून मेंटेनन्स घ्यायचा की नाही, तेवढं सभेने ठरवावं.”

लोक हसले.

“ही जागा माजी हाय,” संपत म्हणाला. “तुमी राहता तीबी माजीच हुती.”

“होती. बरोबर. भूतकाळ आपण अचूक वापरता.”

“मग डाग पडतो तर पडतो. शेतकऱ्याच्या गाडीला तेल लागतं.”

“अहो, आमच्याही गाडीला लागतं. आम्ही ते आत ठेवतो.”

आता सगळेच हसले. तिसऱ्या रांगेतून सरुबाईचा आवाज आला, “हसा, हसा. रोज फरशी पुसतीया मी.”

मग आपटे यांनी पुरावा काढला. भिंतीवरच्या टीव्हीवर पार्किंगच्या कॅमेऱ्याचं रात्रीचं चित्रण लावलं आणि ते भरभर पुढे पळवलं. ट्रॅक्टर जागचा हलत नव्हता. पण मागचा उचललेला रोटाव्हेटर इंचाइंचाने खाली येत होता. पळवलेल्या चित्रात तो एखादा म्हातारा खुर्चीत बसावा तसा सावकाश बसला, आणि पाती फरशीला टेकली.

“पाहिलंत?” आपटे सभेकडे वळले. “संध्याकाळी आपल्यासमोर वर करायचा आणि रात्री फरशीवर. नियम फक्त दिवसा पाळायचा असतो, असा यांचा समज दिसतो.”

संपत उठून टीव्हीपाशी गेला. “परत लावा.”

“समाधान झालं नाही?”

“लावा म्हन्तो ना.”

दुसऱ्यांदा त्याने रोटाव्हेटरकडे पाहिलंच नाही, ट्रॅक्टरच्या मागच्या, लिफ्टचं तेल असलेल्या पेटीकडे पाहिलं, आणि त्याला उमगलं. लिफ्ट वर असली की तेल सिलिंडरमध्ये चढलेलं असतं, म्हणून पट्टीवर कमी दिसतं. त्या कमी दिसण्यावर तो रोज भर घालत होता. रात्री लिफ्ट आपोआप खाली बसली की चढलेलं तेल पेटीत परत यायचं, पेटीत जागा नसायची, आणि वर हवेसाठी ठेवलेल्या बारीक भोकातून ते उतू जायचं. तिथून पत्र्यावरून ओघळत जोडापाशी यायचं आणि टपकायचं. सकाळी टेकलेला रोटाव्हेटर त्याला रोज दिसायचा, पण जुन्या ट्रॅक्टरची लिफ्ट रात्रीत बसतेच, म्हणून त्याने तिकडे कधी लक्ष दिलं नव्हतं. पाइप चांगला होता. ओ-रिंग चांगली होती. तेलाची पट्टी लिफ्ट खाली करून बघायची असते, हे नव्या ड्रायव्हरला पहिल्या दिवशी सांगतात. संपतला कोणी सांगितलं नव्हतं, कारण आयुष्यात त्याने कोणाला काही विचारलं नव्हतं. आणि पूर्वी शेतातून आला की रोटाव्हेटर जमिनीवरच टेकलेला असायचा, त्यामुळे चूक करायची वेळच आली नव्हती.

आता गप्प बसलं तर मतदान होणार होतं, आणि मतदानाचा निकाल खोलीत बसलेल्या तोंडांवर लिहिलेला होता.

“गळती नाय,” तो भिंतीकडे तोंड करून म्हणाला. “तेल मी जास्त वतत हुतो.”

“काय म्हणालात? मागे ऐकू आलं नाही.”

संपत वळला. “मी जास्त वतत हुतो. तुमच्या नियमापायी लिफ्ट वर ठिवली, तशीच पट्टी बघितली. रातच्याला लिफ्ट उतरती आन तेल भाईर येतं. रोटाव्हेटर खाली टेकू द्या, खाली फळी टाकतो. डाग बंद.”

“म्हणजे दोष आमच्या नियमाचा.”

“निम्मा.”

“नियम बदलणार नाही. यंत्र वर राहिलं पाहिजे आणि तेल आत राहिलं पाहिजे. पुढच्या सभेपर्यंत जमवा, नाहीतर ट्रॅक्टर बाहेर.” आपटे यांनी सभेकडे पाहिलं. हात वर झाले. संपतला मुदत मिळाली ती एवढीच.

जास्तीचं तेल त्याने स्वतः काढलं. पण लिफ्ट वर टिकवायची तर सिलिंडरच्या पिस्टनचा सील बदलायला हवा होता, वरचं जड झाकण उतरवायला हवं होतं, आणि ते त्याच्याच्याने होणार नव्हतं. हडपसरच्या गॅरेजवाल्याने लहान ट्रॅक्टर घेत नाही म्हणून सांगितलं. राहिला सुखदेव.

“खाली बसतीया व्हय रं लिफ्ट?” सुखदेव शेडच्या दारात उभा राहूनच म्हणाला. सभेची बातमी त्याच्यापर्यंत आली होती. “मग चोर कोण ठरला?”

“तू नाय.”

“हितं नको. हितं कोण ऐकतंय? चौकात म्हनला हुतास, चौकात जाऊन सांग.”

“नाय सांगत.”

“मग ढकलत ने तुजा ट्रॅक्टर.”

संपत घरी आला. सरुबाईने भाकरी वाढली आणि म्हणाली, “इमारतीतल्या परक्या मानसांम्होरं बोलला. गावातल्या दहाजणांम्होरं जीभ झडती व्हय?” त्याने ताट सरकवलं आणि निघाला.

टपरीवर तीच माणसं होती. तो आत न येता रस्त्यातच उभा राहिला आणि मारामारीला बोलवावं तसा ओरडला, “सुखदेव चोर नाय! तेल मी वतलं हुतं जास्त! कळलं का?”

“कळलं,” एक जण म्हणाला. “च्या घेतो का?”

“नाय.”

सुखदेव दुसऱ्या दिवशी सकाळी पार्किंगमध्ये आला. दोघांनी मिळून झाकण उतरवलं, आणि त्या सगळ्या वेळात “धर”, “सोड” आणि “तिकडं नाय” याखेरीज एक शब्द झाला नाही. सील एका बाजूने फाटलेला निघाला. सुखदेवने नवा बसवला, तेल भरलं, आणि पट्टी बघताना लिफ्ट आधी खाली केली. संपतकडे त्याने तेव्हा जरा जास्तच वेळ पाहिलं. मग अवजारं पिशवीत टाकून निघून गेला.

संध्याकाळी संपतने रोटाव्हेटर उचलला. सकाळी तो तसाच वर होता आणि फरशी कोरडी होती. आपटे फिरायला निघाले होते. ते थांबले, वाकले, हाताने फरशी चाचपून पाहिली आणि बोटं रुमालाला पुसली, जरी त्यांना काही लागलं नव्हतं.

“जमतं की आपल्याला,” ते म्हणाले. “म्हणजे इतके दिवस मुद्दाम करत होतात.”

“व्हय, मुद्दाम,” संपत म्हणाला आणि त्याने इंजिन चालू केलं.