तिसरा स्फटिक

मी निघाले त्या सकाळी तंजावर स्टेशनावर अम्माने माझ्या हातात पुळियोदरैचा, म्हणजे चिंचेच्या भाताचा, डबा ठेवला आणि म्हणाली, "एक वर्ष बघ. जमलं न्हाई तर परत ये गे, पापनाशमच्या कॉलेजात नोकरी आहे." अप्पा गाडी हलेपर्यंत माझ्या बॅगेची चेन तपासत होते. मला दोघांचाही राग आला. मला जमणार नाही हे त्यांनी आधीच ठरवून टाकलं होतं, असं वाटलं.

वर्ष संपत आलं तेव्हा जर्मनीतल्या प्रयोगशाळेत माझ्याकडे चार दिवस आणि बिस्मथचे तीन स्फटिक उरले होते. बिस्मथ हा आतून अर्धामुर्धा धातू, वीज वाहून नेण्यात आळशी. पृष्ठभागावर मात्र त्याचे इलेक्ट्रॉन धावत सुटतात आणि आपापल्या स्पिनप्रमाणे, म्हणजे फिरकीच्या दिशेप्रमाणे, दोन वाटा धरतात. त्या वाटा मला पडद्यावर दोन वेगळ्या रेघा म्हणून दिसायला हव्या होत्या; दिसल्या तरच इथली नोकरी पक्की होणार होती. त्यासाठी स्फटिक निर्वात पेटीतच फोडून कोरा पृष्ठभाग मिळवायचा. वर चिकटवलेल्या खुंटीला बाहेरून लांब दांड्याने ठोका द्यायचा.

पहिले दोन मी वाया घालवले. पूजेचा नारळ आम्ही हातात फिरवत, कोयत्याच्या पाठीने हलके हलके ठोकत फोडतो, दोन्ही भकलं सारखी पडावीत म्हणून. माझा हात इथेही तेच करत होता. जित्याची खोड, दुसरं काय! पृष्ठभाग चुरत गेला आणि पडद्यावर नुसतं धुकं.

तिसऱ्या वेळी दांडा हातात घेतला. तेव्हा आठवला विघ्न टळावं म्हणून पिळ्ळैयारपुढे, म्हणजे गणपतीपुढे, दगडावर आपटतात तो नारळ. लहानपणी मी आपटायला भ्यायचे, तर अम्मा म्हणायची, "हात पुरा उचल. अर्ध्या हातानं देवाला काय देते?" मी दांडा पूर्ण मागे घेतला आणि एकच ठोका मारला. खुंटी उडाली. खाली आरशासारखा पृष्ठभाग! तासाभरात पडद्यावर दोन रेघा आल्या, लख्ख, वेगवेगळ्या. मी तमिळमध्ये अशी ओरडले की शेजारचा सहकारी दचकून उभाच राहिला.

लगेच घरी फोन लावला. "अम्मा, जमलं! नोकरी पक्की झाली!"

"मग आता तू येत न्हाई," ती म्हणाली.

मी जिंकले होते आणि मला रडू येत होतं. तेवढ्यात तिने अप्पांना हाक मारलेली ऐकू आली, "अहो, पासपोर्टाला काय काय लागते ते विचारून या!"

घर कुठलं, असं इथे कुणी विचारलं की आजवर मी तंजावर सांगायचे. आता सांगते, ते पुढच्या महिन्यात विमानाने येतंय.