दाण्यातलं पाणी

आमच्या दाजींच्या विद्वत्तेने आमच्या घराचं जेवढं नुकसान केलं, तेवढं बाहत्तरच्या दुष्काळालाही जमलं नाही. आणि तरीही दाजींइतका भला माणूस मी उभ्या कर्जत तालुक्यात पाहिलेला नाही. थोरल्या अक्काचे हे यजमान हायस्कुलात विज्ञान शिकवायचे, पण जीव सगळा बियाण्यातल्या पाण्यात. दोन पितळी पट्ट्या, मध्ये ज्वारीचे दाणे, बॅटरी आणि काटा थरथरणारं एक मीटर, हा त्यांचा देव्हारा. दाण्यातलं काही पाणी घट्ट धरलेलं असतं, काही मोकळं. मोकळं पाणी विजेला वाट देतं आणि काटा हलतो, हे ते भेटेल त्याला ऐकवत. लग्नाच्या पंगतीत त्यांनी शेजाऱ्याच्या पानातल्या शेंगदाण्यालाही पट्ट्या लावल्या आहेत. विहिरींनी तळ गाठला, अक्का दोन कोसांवरून घागर आणू लागली, तरी हे दाणे मोजतच होते. ती करवादायची, "माठात थेंब न्हाई, आन् ह्यांला ज्वारीत पानी घावतंय!" "थांब गं, काटा स्थिर होऊ दे," दाजी म्हणत.

त्या उन्हाळ्यात ते आमच्याकडे आले. आम्ही रेशनवरची परदेशी लाल मिलो ज्वारी खात होतो, पण आईने शाळूच्या बियाण्याच्या कणगीला हात लावला नव्हता. ते वाण तिच्या माहेरचं, तिच्या आजीपासून चालत आलेलं. दाजींनी त्यातले दाणे पट्ट्यांत धरले मात्र, काटा थेट टोकाला. सासूला ते मामी म्हणत. "मामी, बियाण्यात फार पाणी आहे. बुरशी धरेल, सगळं जाईल." जावई शिकलेला, आईने ऐकलं. वैशाखाच्या उन्हात बी पत्र्यावर पसरलं. पत्र्याला हात लाववत नव्हता. दाजी रोज मोजत आणि काटा रोज टोकालाच. आठ दिवस बी तापत राहिलं.

पेरणी झाली आणि काहीच उगवलं नाही. दाजी धावत आले, माती उकरून मेलेले दाणे ओंजळीत घेऊन बांधावर बसले. आई म्हणाली, "किडं लागू नये म्हनून चुलीची राख चोळली हुती की वो. तुमास्नी ठावं असंल, असं वाटलं." काटा हलत होता तो पाण्याने नव्हे, राखेतल्या खाराने; मुळात कोरडंच असलेलं बी उन्हात भाजून मेलं होतं. बियाण्याला राख चोळतात, हे आमच्याकडे कोण कुणाला सांगतो? मला दाजींचा संताप आला, आणि त्यांचा चेहरा पाहून रडूही आलं.

पुढे त्यांनी बाजारातून दुसरं बी आणून दिलं. ते पिकलंही. पहिल्या भाकरीचा एक घास घेतला आणि आई उठून परसात गेली. त्यानंतर आमच्याकडे जेवायला बसले की दाजी दर वेळी विचारत, "मामी, भाकरी पहिल्यासारखी लागते का हो?"

"व्हय की, लई ग्वाड हाय," आई म्हणायची.

मोजल्याशिवाय कशावरही विश्वास न ठेवणारा तो माणूस पुढे काही न विचारता, मान खाली घालून जेवत राहायचा.