पाठ कापलेली मावशी

अमरावतीच्या दवाखान्यात बाजूले बसलेल्या त्या भाजीवाल्या मावशीचं नाव मी इचारलंच नाई, मले इतकं भेव वाटून राह्यलं होतं. उजवं पाऊल बधीर, अगोदरच्या डॉक्टरनं मनक्याचं ऑपरेशन सांगतलं, अन् मांडीवर दुधावरचं लेकरू! मी निजून राह्यली तं याले कोन पाहीन?

मावशी आपला पाय हातानं उचलून सरळ करे अन् हासे.

"पोरी, माही पाठ कापली अन् पाय तसाच लुळा. मंग समजलं, नस गुडघ्याखाली दाबली होती, वावरात उकिडवं बसून तन निंदू निंदू. तूबी निंदाले जातं काय?"

"हो मावशी, कांद्यात."

"मंग आत सांग ना! मी नाई सांगतलं, त्याईनं नाई इचारलं."

मी आत जाऊन एका दमात सारं सांगतलं. या डॉक्टरनं गुडघ्याच्या बाजूले बोटानं ठोकलं, तं पावलापर्यंत करंट गेला. म्हनले, नसेची तपासनी करू, पाठ कापाचं काम दिसत नाई.

मी रडत-हासतच बाहेर येऊन मावशीले सांगतलं.

"बरं झालं माय," ती म्हनली. मंग लेकराच्या डोक्यावरून हात फिरवत हळूच म्हने, "एवढंसं बोटानं ठोकाचं होतं. माह्या वक्ताले कावून नाई ठोकलं वं कोनं?"