मोरेश्वररावांची यादी

मोरेश्वर टिपणीस २००२ साली मुलाकडे ओहायोत राहायला आले, तेव्हा तिथल्या डब्लिन गावातल्या त्या घरात त्यांच्या वाट्याला आलेली खोली साताऱ्यातल्या त्यांच्या अख्ख्या बिऱ्हाडाएवढी होती. तक्रार करायला जागाच नव्हती, आणि तीच मोठी पंचाईत होती. मुलगा यतीन आणि सून नेत्रा साडेसातला आपापल्या गाड्या काढून ऑफिसला जात, नात इशिता पिवळ्या बसने शाळेला जाई, आणि मग संध्याकाळी सहापर्यंत त्या घरात फ्रिजच्या घरघरीशिवाय कोणी बोलत नसे. बायको जाऊन तीन वर्षं झाली होती. गाडी चालवता येत नव्हती. रस्त्याकडेला चांगला फुटपाथ होता, पण त्यावर माणूस म्हणून औषधाला सापडत नसे. मोरेश्वरराव दुपारी टपालपेटीपर्यंत जात, आलेली जाहिरातींची पत्रकं घेऊन परत येत आणि ती पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत वाचून काढत. गालिचे धुण्याचे दर त्यांना तोंडपाठ झाले होते.

आठवड्यातले दोनच दिवस बरे जात. मंगळवारी आणि शुक्रवारी म्हाताऱ्याकोताऱ्यांसाठी एक व्हॅन येई आणि त्यांना मॉलमध्ये नेऊन सोडी. दुकानं उघडायच्या आधी नऊ मराठी माणसं त्या गुळगुळीत फरशीवरून दोन चकरा मारत आणि मग थर्मासमधला चहा घेत बसत. नागपूरचे एकनाथराव, दादरच्या वीणाताई, असे सगळे मुलांकडे आलेले. चहा झाला की बोलणं हळूहळू एकाच वळणावर यायचं. ‘‘घरात सगळं आहे हो,’’ वीणाताई एकदा म्हणाल्या, ‘‘पण काल दिवसभरात मी एकच वाक्य बोलले. तेही कुरिअरवाल्याशी.’’ आणि त्यांच्या डोळ्यांत चटकन पाणी आलं.

२००४च्या फेब्रुवारीत मोरेश्वरराव लायब्ररीतल्या एका सभेला जाऊन बसले. खरं तर ते उबेला गेले होते. डोना नावाची एक बाई बोलत होती. गावातल्या लोकांच्या देणग्यांवर उभ्या राहिलेल्या कम्युनिटी फाउंडेशनचं कर्जाचं काम ती बघायची. एका चर्चला आपली बंद पडलेली शाळा दुरुस्त करून तिथे कमी उत्पन्नाच्या म्हाताऱ्यांसाठी वीस छोटी घरं करायची होती. एकेका वर्गाचं एकेक घर. खाली एकत्र बसायला मोठी खोली, दारात बसथांबा. बँक सात टक्के मागत होती, फाउंडेशन दोन टक्क्यांनी द्यायला तयार होतं, म्हणजे भाडंही माणसाला झेपेल इतकंच राहणार होतं.

शिक्षकांच्या पतपेढीत एकतीस वर्षं काढलेल्या माणसाला दोन टक्के ऐकून घेरीच यायची. त्यांनी शेजारच्या बाईला विचारून आकड्याची खात्री करून घेतली आणि सभा संपल्यावर थेट डोनाला गाठलं.

डोना म्हणाली, ‘‘अडचण एकच आहे. घरं बांधली आणि रिकामी राहिली तर फाउंडेशनचे पैसे अडकतील. म्हणून जितकी खरी नावं, तितक्याच घरांना कर्ज. चर्चकडे अकरा नावं आहेत.’’

‘‘उरलेली नऊ मी आणतो,’’ मोरेश्वरराव म्हणाले. कित्येक वर्षांत त्यांनी कोणाला इतक्या ठसक्यात काही सांगितलं नव्हतं.

शुक्रवारी चहाच्या वेळी त्यांनी सगळं समजावून सांगितलं. एकनाथराव म्हणाले, ‘‘वा! लिहा की आमचं नाव!’’ वीणाताई म्हणाल्या, ‘‘खाली बसस्टॉप? मग मी तर येणारच.’’ आठही जण हो म्हणाले. मोरेश्वररावांनी तिथल्या तिथे नावं आणि घरचे फोन नंबर लिहून घेतले. पतपेढीत ते असंच करत. जामीनदाराने तोंडी शब्द दिला की नाव चढवायचं, सही सवडीने. तिथे दिलेल्या शब्दापुढे मुलगा-सून उभे नसत, एवढा फरक मात्र त्यांच्या ध्यानात आला नाही. नववं नाव त्यांनी स्वतःचं घातलं. घरी काही बोलले नाहीत. कर्ज मंजूर झाल्यावर सांगू, असं मनाशी ठरवलं.

डोना पतपेढीतली नव्हती. तिने खात्री करायला फोन केले, आणि माणसं घरी भेटावीत म्हणून संध्याकाळी केले. आठही घरांत फोन मुलांनी नाहीतर सुनांनी उचलला आणि मग म्हाताऱ्यांच्या हातात दिला.

नववा फोन यतीनने उचलला. ‘‘बाबा, तुम्हाला कोणी डोना म्हणून आहे,’’ असं म्हणून तो शेजारीच उभा राहिला.

‘‘मिस्टर टिपणीस, मी आठ घरी बोलले. सगळे म्हणतात, आम्ही नाव दिलंच नाही. एक गृहस्थ तर फार चिडले. ही नावं तुम्ही मनाने लिहिलीत का?’’

मोरेश्वररावांना वीणाताईंचे भरलेले डोळे आठवले. खरं सांगावं, तर डोना पुन्हा त्या घरांत फोन करणार आणि आठ म्हाताऱ्या माणसांना आपापल्या मुलांसमोर उभं राहून खुलासे द्यावे लागणार. ‘‘माझी समजण्यात चूक झाली,’’ ते म्हणाले.

‘‘आणि तुमचं स्वतःचं नाव? तेही काढू का?’’

यतीन त्यांच्याकडेच बघत होता. मोरेश्वररावांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. हे एक नाव गेलं की पुढे मरेपर्यंत ती खोली, ती घरघर आणि ती टपालपेटी.

‘‘नाही,’’ ते म्हणाले. ‘‘ते खरं आहे.’’

सगळं ऐकून घेतल्यावर यतीनने फोन जागेवर ठेवला. मग म्हणाला, ‘‘आमचं काय चुकलं, बाबा?’’

‘‘तुमचं काहीच चुकलेलं नाही रे. मला दिवसभर बोलायला कोणी नसतं.’’

‘‘मग सांगायचं ना! काहीतरी अरेंज केलं असतं.’’ आणि पुढच्या आठवड्यात छपरावर मराठी चॅनेलची डिश बसली. बिचाऱ्याने मनापासून बसवली होती.

शुक्रवारी व्हॅनमध्ये चढताच एकनाथराव सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, ‘‘टिपणीस, आमची नावं परस्पर द्यायच्या आधी विचारायचं तरी! मुलाला वाटलं, बाप घर सोडून निघाला. लोक काय म्हणतील?’’ बाकीचे खिडकीबाहेर बघत होते. वीणाताईही. मोरेश्वररावांनी ‘‘चुकलं’’ म्हटलं आणि मागच्या सीटवर जाऊन बसले. त्या दिवशी ते मॉलमध्ये सगळ्यांच्या दहा पावलं मागून चालले आणि पुढच्या मंगळवारी गेलेच नाहीत. घरातलं एकटेपण त्यांनी कसंबसं सोसलं होतं. हे चारचौघांतलं एकटेपण मात्र त्यांच्या जिव्हारी लागलं.

कर्ज बारा घरांचंच मिळालं. २००६च्या जानेवारीत मोरेश्वरराव त्यातल्या एकात राहायला गेले. यतीनने खोकी वाहून आणली. नेत्राने नवा कुकर दिला आणि गाडीत बसताना ती रडली. इशिता म्हणाली, ‘‘आजोबा, इट स्मेल्स लाइक स्कूल.’’ खालच्या खोलीत संध्याकाळी पत्त्यांचा डाव रंगे, हॅटी नावाची आजी हमखास लबाडी करी, आणि मोरेश्वरराव हसत. पण वर येऊन दार लावलं की बायकोशी बोलावं तसं ते स्वतःशीच मराठीत थोडं बोलून घेत, कारण बोलायला दुसरं कोणीच नव्हतं.

एप्रिलमधल्या एका शनिवारी दारावर टकटक झाली. वीणाताई होत्या. सून बाजार करून येईपर्यंत तासभर सवड होती. त्यांनी घर बघितलं, ओट्यावरून हात फिरवला, फडताळ उघडून परत लावलं.

‘‘फोन आला तेव्हा सून पुढ्यातच उभी होती,’’ त्या एकदम म्हणाल्या. ‘‘तोंडातून ‘नाही’च निघालं. तुम्हाला खोटं पाडलं आम्ही.’’

‘‘जाऊ दे, वीणाताई. चहा टाकतो.’’

‘‘चहा राहू दे. आता घरी सांगायची तयारी आहे माझी. एखादी खोली रिकामी आहे का हो?’’

मोरेश्वरराव जिन्याकडे वळले. ते त्यांना वरच्या मजल्यावर घेऊन गेले. तिथे लांबलचक बोळात ओळीने शाळेची जुनी दारं होती आणि प्रत्येकाला कुलूप होतं.

‘‘ह्या का बंद आहेत?’’

‘‘ह्या दुरुस्तच केल्या नाहीत. यादीत बारा नावं उरली, कर्ज बाराचं आलं. ह्या तुमच्या आठ जणांच्या.’’

वीणाताई पहिल्या दारापाशी गेल्या. काचेला डोळा लावून त्यांनी आत बघितलं. आत एक फळा होता, आणि खिडकीतून ऊन येत होतं. खाली सुनेच्या गाडीचा हॉर्न वाजला. त्यांनी दाराची मूठ धरली होती. दुसऱ्यांदा हॉर्न वाजला, तरी त्यांनी ती सोडली नाही.