खाचरावर ताणलेली फिल्म

काल नातीनं माळ्यावरचा डबा उघडला आणि लोणचं बिघडल्यागत आंबट वास घरभर पसरला. आत लढाईची जुनी फिल्म होती आणि दादाची वही. माझा हा थोरला भाऊ फौजेत फिल्म काढायचा.

असे दोन डबे दादानं जपायला दिले होते. पण तेव्हा शेत मी एकटा कसत होतो आणि भाताला चिमण्या लागल्या होत्या. मी एका डब्यातली चकाकती पट्टी काढून भाताच्या खाचरावर ताणली.

दादा सुट्टीवर आला, तो बांधावरच थांबला. पट्टी उन्हाला धरून एकेक चित्र बघत पुटपुटत राहिला.

"पाखरं भ्याली का रं?" त्यानं विचारलं.

"व्हय, लय भ्याली."

तो पट्टी तशीच ताणलेली ठेवून घरी गेला. मला जिंकल्यागत वाटलं.

काल नातीनं वही वाचली. खाचरावर ताणलेल्या त्या पट्टीवर दादाचे सोबती होते, लढाईतून न परतलेले. त्यांची नावं त्यानं ओळीनं लिहून ठेवलीत. बांधावर तो हीच नावं घेत होता.

"आबा, वहीत लिहिलेला तो दुसरा डबा कुठाय?" तिनं विचारलं.

चुकलो, असं मी जन्मात कुणाला म्हटलं न्हाई. काल म्हटलं, पण ज्याला म्हणायचं, तो जाऊन लय वर्षं झाली.